रायफलीवरचा नंबर आणि वहीतले नाव

अत्याचाराच्या प्रकरणांतले पंचनामे आम्ही वाचतो तेव्हा मुद्देमालाचे वर्णन बऱ्याचदा 'एक लोखंडी हत्यार' एवढ्यावरच आटोपलेले असते. लांबी नाही, खूण नाही. कोर्टात बचावाचा वकील विचारतो, 'हेच ते हत्यार कशावरून?' आणि साक्षीदार गप्प होतो. अशा वेळी आम्हाला अमेरिकेतली एक रायफल आठवते.

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. शालेय पुस्तकांच्या गोदामात सहाव्या मजल्यावर खोक्यांच्या आड एक रायफल सापडली. ती पाहणाऱ्या एका डेप्युटी कॉन्स्टेबलने नुसत्या नजरेने ठरवले की ही ७.६५ ची माउझर. दुसऱ्या दिवशी शपथपत्रातही तेच लिहिले. दोन्ही बंदुकांचा बोल्ट वरवर सारखा दिसतो, म्हणून चूक समजण्यासारखी आहे. पण त्या एका शब्दावर 'खरी बंदूक बदलली' अशा गोष्टी आजही रचल्या जातात.

त्या अफवेला उत्तर खुद्द लोखंडावरच होते. पोलिसांच्या लेफ्टनंट डे यांनी रायफल हातात घेऊन वाचली. 'मेड इटली', 'कॅलिबर ६.५', वर्ष १९४०, मुकुटाचा छाप, तेर्नी या गावाचे नाव आणि अनुक्रमांक सी २७६६. दुर्बिणीवर जपान आणि हॉलिवूड, कॅलिफोर्निया. हे सगळे त्यांनी टिपून घेतले आणि दस्त्यावर स्वतःचे नाव कोरले, पुढे कोर्टात 'हीच ती' म्हणता यावे म्हणून. (आमच्याकडचे जप्ती अधिकारी एवढे करतील तर किती खटले वाचतील!)

ही इटलीच्या लष्कराची जुनी कारकानो. युद्धानंतर तिथल्या सरकारने ढिगाने विकलेली, अमेरिकेत स्वस्त माल म्हणून आलेली. 'मेड इटली' ही इंग्रजी अक्षरे इटालियन सैनिकाच्या काय कामाची? ती आयातीसाठीची खूण. म्हणजे एकाच नळीवर दोन इतिहास होते, कारखान्याचा आणि बाजाराचा.

नुसत्या नंबरावर मात्र विसंबता येत नव्हते. इटलीत ही रायफल अनेक कारखान्यांनी बनवली, त्यामुळे तोच आकडा दुसऱ्या कारखान्याच्या बंदुकीवरही असू शकत होता. कुठे आधी अक्षर असे, कुठे नसे. म्हणून कारखाना, वर्ष, अक्षर आणि आकडा मिळूनच ओळख पटते. नाव, बापाचे नाव, गाव विचारल्याशिवाय आपण तरी कुणाला ओळखतो?

पुढचे काम वह्यांनी केले. न्यूयॉर्कचा आयातदार क्रेसेंट फायरआर्म्स, त्याच्या नोंदीत शिकागोचे क्लाइन्स हे दुकान. दुकानातल्या लोकांनी रात्रभर कागद उपसले आणि पहाटे चारच्या सुमारास ऑर्डर सापडली. मासिकातले कूपन भरून, २१.४५ डॉलरची मनीऑर्डर पाठवून, ए. हिडेल नावाच्या माणसाने ती टपालाने डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर मागवली होती. नाव खोटे, हस्ताक्षर ऑस्वाल्डचे. बंदूक घेणाऱ्याचे तोंडसुद्धा दुकानदाराने पाहिले नव्हते.

आता प्रश्न असा की एवढे उघड झाल्यावर कायदा किती दिवसांत आला? दिवसांत नाही, पाच वर्षांत. सिनेटर डॉड यांचे टपालाने शस्त्रविक्रीवरचे विधेयक खुनाच्या आधीपासूनच पडून होते. बंदूक लॉबीने ते अडवून धरले. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना मारले. तिथली रायफल अमेरिकन रेमिंग्टन होती. तिचा नंबर बर्मिंगहॅमच्या दुकानापर्यंत पोहोचला आणि पुन्हा वहीत खोटे नाव. शेवटी जेम्स अर्ल रे सापडला तो बोटांच्या ठशांवरून. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींचाही खून झाला. मग २२ ऑक्टोबर १९६८ ला गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही झाली.

या कायद्याने परराज्यातल्या सामान्य गिऱ्हाइकाला टपालाने बंदूक पाठवणे बंद केले आणि लष्कराच्या जुन्या रायफलींची आयात आवळली. प्रत्येक नव्या किंवा आयात बंदुकीवर अनुक्रमांक सक्तीचा झाला, कारण तोवर स्वस्त .२२ रायफली आणि शॉटगन बिननंबरीही विकल्या जात होत्या. नंबर कुठे, हेही ठरले. नळीवर नाही, तर रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो त्या सांगाड्यावर. नळी बदलता येते. सांगाडा हीच कायद्याच्या लेखी बंदूक. आयातदाराचे नाव, शहर आणि बनवणाऱ्या देशाचे नावही ठोकावे लागते. जुजबी ओरखडा काढून वेळ मारून नेता येऊ नये म्हणून ३० जानेवारी २००२ पासून अनुक्रमांकाची खोली किमान ०.००३ इंच आणि उंची एक सोळांश इंच लागते.

लोखंडाचे नियम असे केसाच्या जाडीपर्यंत गेले. मालकांचे काय? राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना देशभर नोंदणी आणि परवाना हवा होता. काँग्रेसने दोन्ही वगळले, आणि सही करताना त्यांनी ते बोलूनही दाखवले. १९८६ च्या कायद्याने तर मालकांची केंद्रीय नोंदवही करण्यावर थेट बंदी घातली. म्हणून आजही वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात एखादा नंबर आला की आधी उत्पादकाला किंवा आयातदाराला विचारायचे, मग ठोक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद पडले असेल तर त्याच्या जुन्या नोंदी काढून पाने चाळायची, कारण खरेदीदाराच्या नावावरून त्या शोधता येतील अशी सोय करायला मनाई आहे.