भांग, गांजा आणि कायदा

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. पाने वाटून भांग तयार केली जाते, मादी झाडाचे फुलोरे वाळवून गांजा मिळतो, तर या वनस्पतीच्या राळेला चरस म्हणतात. भारतीय कायद्याने मात्र भांगेला इतर दोघांपासून वेगळे ठेवले आहे. होळी आणि महाशिवरात्रीला उत्तर भारतात भांग उघडपणे घेतली जाते, तर गांजा बाळगणाऱ्यास कारावास होतो. त्याचे कारण या भेदात आहे.

ब्रिटिश राजवटीत या पदार्थांवर कर आणि परवान्यांचे नियंत्रण होते. त्यांच्या सेवनाने वेड लागते, अशी टीका झाल्यावर १८९३ मध्ये सरकारने भारतीय भांग आयोग नेमला. एक हजारांहून अधिक साक्षी नोंदवून आयोगाने १८९४ मध्ये अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी विश्वासार्ह नसल्याचे त्यास आढळले. मर्यादित सेवन सामान्यतः अपायकारक नाही, अतिसेवन मात्र घातक आहे, असे सांगून आयोगाने बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या करारामुळे चित्र पालटले. वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांव्यतिरिक्त होणारा या वनस्पतीचा वापर २५ वर्षांत थांबवण्याचे बंधन त्यात होते. मात्र करारातील व्याख्येतून शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. हीच व्याख्या भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आली. परिणामी गांजा व चरस यांवर देशभर बंदी आली आणि भांगेचा विषय राज्यांकडे राहिला.

राज्यांची धोरणे सारखी नाहीत. उत्तर प्रदेश व राजस्थानात परवानाधारक दुकानांतून भांग विकली जाते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना भांग बाळगणे हा गुन्हा आहे. परराज्यातून भांग घेऊन येणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मूळ कायद्यात वैयक्तिक सेवनासाठीची अल्प मात्रा वगळता चरसाच्या गुन्ह्यास, मात्रा कितीही असो, किमान १० वर्षांची शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मात्रेशी जोडली. गांजासाठी १ किलोपर्यंत अल्प मात्रा आणि २० किलोंपेक्षा अधिक ही व्यापारी मात्रा मानली जाते. चरसासाठी याच मर्यादा १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यास १० ते २० वर्षांचा सक्तमजुरीचा कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

जागतिक पातळीवरही विचार बदलत आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी ही वनस्पती सर्वाधिक कठोर यादीतून वगळली. भारताने ठरावाच्या बाजूने मतदान केले. देशात उत्तराखंडने २०१८ मध्ये धागा व बियांसाठी नियंत्रित लागवडीस मार्ग खुला केला. तथापि, नशेसाठी गांजा व चरस यांच्या वापरावरील बंदी भारतात कायम आहे.