चार लाख पत्रे आणि एक भगवंती

मालिकेतल्या माणसांवरून भांडणारा प्रेक्षक आपल्याला नवा नाही. सून गप्प का बसली, थोरल्याने कागदावर सही का केली, यावर लोकलच्या डब्यात स्टेशन येईपर्यंत वाद रंगतो. ही माणसे खोटी आहेत, याची आठवण वाद घालणाऱ्यांपैकी कोणालाच होत नाही. पण अशा वादापुढे एका सरकारी योजनेला मान तुकवावी लागली, असेही आपल्याकडे एकदा घडले आहे. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे. मालिकेचे नाव 'हम लोग'.

७ जुलै १९८४ रोजी ती दूरदर्शनवर सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. दीडशेहून अधिक भाग झाले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. परंतु पुढची दहा वर्षे दूरचित्रवाणी ही मुख्यतः मोठ्या शहरांची चैन होती. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले आणि १९८४ मध्ये छोट्या प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने विणले गेले. गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या. घरात संच आला, पण त्यावर रोज बघायचे काय? बातम्या, शेतीची माहिती, आठवड्याचा चित्रपट, 'छायागीत'. मुंबई केंद्रावर चिमणराव गाजून गेला होता, हे खरे. पण सगळा देश एकाच रात्री एकाच घरात डोकावतो आहे, अशी लांबत जाणारी गोष्ट अजून आली नव्हती.

ती आली मेक्सिकोच्या वाटेने. तिथे मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने १९७५ पासून एक प्रयोग चालवला होता. घरगुती मालिकेतून लोकांना शहाणे करायचे. प्रौढांनी लिहायला-वाचायला शिकावे म्हणून एक मालिका, कुटुंब लहान ठेवावे म्हणून दुसरी. त्याचे सूत्र सोपे होते. काही पात्रे चांगली, काही वाईट आणि काही मधल्या उंबरठ्यावर उभी. चांगल्याचे भले होते, वाईटाला फळ भोगावे लागते आणि हे पाहून मधले पात्र हळूहळू सुधारते. त्याच्या पाठोपाठ प्रेक्षकही सुधारतो, असा हिशेब. हा विचार भारतात आणण्याचे श्रेय त्या काळी माहिती व नभोवाणी मंत्री असलेले आपले नागपूरचे वसंत साठे यांना दिले जाते. पुढे प्रत्यक्ष मालिका लिहिली मनोहर श्याम जोशी यांनी आणि दिग्दर्शन केले पी. कुमार वासुदेव यांनी. हेतू होता कुटुंबनियोजन, स्त्रियांचा दर्जा आणि राष्ट्रीय एकात्मता.

घर मात्र अस्सल निवडले होते. दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम, त्याची बायको भगवंती, निवृत्त सैनिक असलेले आजोबा, आजी आणि पाच मुले. नोकरीसाठी वणवण करणारा लल्लू, क्रिकेटची स्वप्ने पाहणारा नन्हे, समाजकार्य करणारी बडकी, सिनेमातली नटी व्हायला निघालेली मझली, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी. असे घर आपल्या आळीत एखादे तरी असतेच.

पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता, की प्रेक्षक कंटाळले. तक्रारी आल्या. प्रचाराची पोस्टरे एरवी भिंतीवर असतातच, ती रात्री जेवताना कशाला? दूरदर्शनने ऐकले, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट. उपदेश मागे सरला आणि घरातली माणसे पुढे आली. प्रेक्षकाने मिळवलेला हा पहिला विजय. आणि माणसे पुढे आल्यावर जे झाले, त्याची तयारी कोणत्याच खात्याने केलेली नव्हती.

लोक लिहू लागले. पोस्टकार्डे, आंतर्देशीय पत्रे, तारा. मालिका संपेपर्यंत सुमारे चार लाख पत्रे आली, असा अंदाज आहे. काही दूरदर्शनला, काही कलावंतांना आणि बरीचशी अशोककुमार यांना. संगीत नाटकात सूत्रधार आरंभी येतो, हे दादामुनी प्रत्येक भागाच्या शेवटी येत. सत्तरी ओलांडलेला, 'अछूत कन्या' आणि 'किस्मत'पासून देशाला ओळखीचा असलेला चेहरा. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते आजच्या भागात कोण कसे वागले, याचा ऊहापोह करीत, पाहणाऱ्याला एखादा प्रश्न विचारीत आणि निरोप घेताना 'हम लोग' हे शब्द कधी या तर कधी त्या भारतीय भाषेत म्हणत. साबिदोच्या आराखड्यात हे पात्र तात्पर्य सांगण्यासाठी होते. आपल्या लोकांनी त्याला घरचा वडीलधारा ठरवला आणि त्याच्याकडे गाऱ्हाणी मांडायला सुरुवात केली. प्रश्न विचारलात ना, मग आता उत्तर ऐका!

कथा पुढे लिहिली जात होती आणि मागचे भाग दाखवले जात होते, म्हणून या पत्रांना वजन होते. आजीला कर्करोग झाला, तेव्हा ती मरू नये असे प्रेक्षकांना वाटले आणि सुषमा सेठ यांच्या त्या भूमिकेचे आयुष्य लोकाग्रहास्तव वाढवण्यात आले. बडकीचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मुलीचा नमुना म्हणून तिला घडवले होते. डॉक्टर अश्विनीशी लग्न करावे की नाही, या प्रश्नावर ती अडली. झाले, देशभरातून पत्रे आणि तारा सुटल्या, की आता मागेपुढे पाहू नकोस, होकार दे. लग्नाचा भाग दाखवला त्या दिवशी उत्तर भारतात अनेक ठिकाणी बाजार लवकर बंद झाले.

असे वेड केवळ आपलेच, असे मानू नये. पेरू देशात १९६९ मध्ये 'सिंप्लेमेंते मारिया' ही मोलकरणीची आणि तिच्या शिलाई मशीनची मालिका सुरू झाली होती. तिच्या लग्नाचे चित्रीकरण लिमा शहरातल्या चर्चमध्ये ठेवले, तर बाहेर हजारोंची गर्दी उसळली. साबिदोला आपली कल्पना सुचली ती याच मालिकेवरून. बडकीच्या बाबतीत मला कुतूहल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. पत्र लिहिणाऱ्यांना तिचा स्वावलंबीपणा आवडला होता की त्याची काळजी वाटत होती? पोरीचे हात पिवळे झाले म्हणजे सुटलो, हा सूर त्या आनंदात असणारच. स्त्रीच्या दर्जाचा धडा देणाऱ्या पात्रावर प्रेम करता करता लोकांनी तिला आपल्या चालीरीतीत बसवून घेतले.

पण खरा घोटाळा झाला भगवंतीचा. लेखनाच्या योजनेत ती वाईट उदाहरण होती. वाईट म्हणजे दुष्ट नव्हे. नवऱ्याचे पिणे सोसणारी, सासूची बोलणी खाणारी, मुलांपुढे स्वतःला विसरणारी, तोंडातून 'नाही' न काढणारी बाई. तिला पाहून बायकांनी म्हणावे, असे आपण जगायचे नाही. आणि घडले उलटे. पुष्कळ प्रेक्षकांना, त्यातही पुष्कळ स्त्रियांना, भगवंतीच आदर्श वाटली. घर मोडत नाही ते तिच्यामुळे, असे त्यांचे म्हणणे.

हे केवळ ऐकीव नाही. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी मालिका संपल्यावर पत्रांचा अभ्यास केला आणि एक पाहणीही केली. १,१७० प्रौढ प्रेक्षकांना प्रश्न विचारले. ठिकाणे तीन: दिल्ली आणि परिसर, मद्रास आणि आपले पुणे. हिंदी मुलखातले, हिंदी न जाणणारे आणि दोन्हींच्या मधले, अशी ही निवड. भगवंतीचे हे उलटे फळ त्यांच्या अभ्यासात स्पष्ट दिसले.

याला एक अमेरिकी जोड आहे. १९७१ मध्ये तिथे 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर काळ्यांविषयी, ज्यूंविषयी, बायकांविषयी तोंडाला येईल ते बोलणारा. निर्माते नॉर्मन लिअर यांना त्याची टर उडवायची होती. नील विडमर आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की मनात आधीच पूर्वग्रह असलेले प्रेक्षक त्याला हसत नव्हते, त्याच्या बरोबर हसत होते. माणूस बोलतो ते खरेच आहे की, असे त्यांना वाटे. भगवंतीच्या बाबतीतही प्रेक्षकाने पात्राची बाजू आपल्या मनाने ठरवली.

तरीही दोन्ही गोष्टी एकाच तागडीत टाकणे मला पटत नाही. आर्चीच्या चाहत्यांना आपला द्वेष गोंजारायचा होता. भगवंतीला मानणाऱ्या बायकांना आपले आयुष्य फुकट गेले नाही, एवढे कोणाकडून तरी ऐकायचे होते. ज्या बाईने वीस वर्षे असेच काढले आहेत, तिला संध्याकाळी पडद्यावरून सांगायचे की तू चुकीचे उदाहरण आहेस, आणि तिने ते मुकाट्याने मान्य करावे, ही अपेक्षाच जरा उद्धट आहे. शिवाय जोशी कादंबरीकार होते. 'कुरु कुरु स्वाहा' आणि 'कसप' लिहिणाऱ्या माणसाला केवळ धड्यापुरते पात्र लिहिणे जमणार कसे? त्याने भगवंतीला जीव लावला आणि जयश्री अरोरा यांनी तो संयमाने पडद्यावर आणला. मग लोकांनी तिच्यावर जीव लावला यात त्यांचा दोष काय?

पुण्यातल्या प्रेक्षकांच्या मागे तर आणखी एक जुनी बाई उभी होती. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये, ते गेल्यानंतर, रंगभूमीवर आले. नाटक दारूच्या विरोधात. पण मराठी माणसाने घरी नेली ती बालगंधर्वांची सिंधू. दारुड्या नवऱ्यापायी सर्वस्व गमावूनही त्यालाच देव मानणारी. तिने सुधाकरला सोडून का दिले नाही, यावर पिढ्यान्पिढ्या वाद झाले आणि पिढ्यान्पिढ्या तिच्यासाठी पदर डोळ्यांना लागले. आणि 'हम लोग'च्या दोनच वर्षे आधी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'तली सुलभा आपल्या कामासाठी घर सोडून निघाली होती. स्मिता पाटीलची ती भूमिका पाहून बाहेर पडलेल्या नवरा-बायकोंत, पोरीला मागे ठेवून ती गेलीच कशी, यावर खडाजंगी होई. सिंधू आणि सुलभा या दोघींना एकाच मनात जागा देणारा प्रेक्षक भगवंतीकडे पाहत होता. पाहणीच्या प्रश्नावलीत यासाठी रकाना नसतो.

जोशींनी लगेच पुढे 'बुनियाद' लिहिली, ती फाळणीची आणि वेगळ्या जातीची गोष्ट. सामाजिक हेतूच्या मालिकेकडे जोशी पुन्हा वळले ते १९९२ मध्ये. मालिकेचे नाव 'हमराही', विषय पुन्हा स्त्रियांचा दर्जा. या वेळी प्रेक्षक कोणाच्या बाजूने जातो, याची त्यांना काळजी असणार. प्रेक्षक गेले ते देवकी भौजाईच्या बाजूने. जिभेची तिखट, कारस्थानी, जिच्यापासून लोकांनी सावध राहायचे होते, ती ही बाई. हिमानी शिवपुरी त्या एका भूमिकेने घराघरांत पोहोचल्या.