दमसास मोजायचा कसा?

मराठीतला 'दम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. दम लागतो, दम धरावा लागतो, कुणाला दम भरता येतो, आणि 'गड्यात दम आहे' म्हटलं की ते कौतुक. श्वास, धीर, धाक, ताकद सगळं एकाच दोन अक्षरी शब्दात. वाक्प्रचारांच्या तासाला मी हा शब्द हमखास फळ्यावर लिहायचो. पण हा दम लिटरमध्ये मोजता येतो आणि त्या मोजणीला स्वतःचा असा इतिहास आहे, हे मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला निवृत्तीनंतरच वाचायला सापडलं.

वाचायला लागलो ते एका मुलाच्या प्रश्नामुळे. आमच्या कुरकुंभला पहाटे फिरायला बाहेर पडलं की दौंडच्या रस्त्याला मुलं पळताना दिसतात. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, ५ आणि ७ क्रमांकाचे. त्यामुळे 'भरती' हा शब्द आमच्याकडे समुद्राशी नव्हे, एसआरपीशी जोडलेला. भरतीच्या मैदानी चाचणीत १०० पैकी ५० गुण एकट्या ५ किलोमीटर धावण्याला. जिल्हा पोलिसांत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. कोरडवाहू जमीन, एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी नाहीतर ही वर्दी, असा हिशेब असतो घराघरात. तर त्यातला एक मला म्हणाला, "सर, आम्हाला सांगतात की रोज अर्धा तास प्राणायाम केला की शरीरात ऑक्सिजन जास्त जातो, अन् दम वाढतो. खरंय का?"

या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, नव्वद वर्षांपूर्वी शोधून ठेवलेलं आहे.

जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, पुढे अंमळनेरला शिक्षक होते (हे लिहिताना मला जरा बरं वाटतं, लपवत नाही). डॉक्टर नव्हते. मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले. पण या माणसाचं वेगळेपण असं की गुरूंनी सांगितलं म्हणून डोळे मिटून बसले नाहीत. नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं, आपले प्रयोग जगापुढे मांडण्यासाठी.

त्या काळीही समज हाच होता की प्राणायामाचा खरा फायदा म्हणजे भरपूर प्राणवायू. कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्यांचा उच्छ्वास गोळा करून त्यातल्या वायूंचं पृथक्करण केलं. किती ऑक्सिजन शरीराने घेतला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, याची आकडेमोड १९३३ च्या 'योग-मीमांसे'त छापली. निष्कर्ष लोकांच्या समजुतीच्या उलट निघाला. प्राणायामात ऑक्सिजन काही जास्त घेतला जात नाही. त्याचा उपयोग दुसरीकडे शोधायला हवा, असं प्राणायामावर आयुष्य वाहिलेल्या माणसाने स्वतःच्या त्रैमासिकात छापलं! आजही रोज सकाळी टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर याच्या नेमकं उलट सांगितलं जातं ते ऐकलं की मला लोणावळ्याची आठवण येते.

असं का, ते समजायला सोपं आहे. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर सोडतो त्या हवेतही १६-१७ टक्के शिल्लक असतो. म्हणजे घेतलेलंच आपण पुरतं वापरत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचं रक्त फुप्फुसातून निघतानाच ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, ९७-९८ टक्के. भरलेल्या हंड्यात आणखी दोन तांबे ओतले तर खाली सांडणार, दुसरं काय? बसल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. मागणी वाढल्याशिवाय पुरवठा वाढवून उपयोग नाही आणि मागणी करतात ते स्नायू.

हे स्नायूंचं सूत्र पहिल्यांदा हाती लागलं ते लाव्हाझिएला, पॅरिसमध्ये, १७९० च्या आसपास. आपल्या सेगँ नावाच्या सहकाऱ्याच्या तोंडाला मुखवटा लावून त्याने बसल्या बसल्या, जेवल्यावर आणि पायाने वजन उचलताना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं. काम करताना तो कितीतरी पटीने वाढला. बाजूला बसून टिपणं घेणाऱ्या मादाम लाव्हाझिएने त्या प्रयोगाचं चित्रही काढून ठेवलंय. पुढे १७९४ मध्ये क्रांतिकारकांनी लाव्हाझिएचा शिरच्छेद केला. असो.

मग प्रश्न आला, मागणी वाढत वाढत जाते, पण कुठवर? ते शोधलं इंग्लंडच्या ए. व्ही. हिल याने, १९२३ च्या सुमारास. त्याआधी १९११ मध्ये डग्लस नावाच्या शास्त्रज्ञाने उच्छ्वास साठवायची मोठी पिशवी केली होती. ती पाठीवर बांधून हिल स्वतःच ८५ मीटरच्या गवताळ वर्तुळाला गोल गोल पळत सुटला. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल! वेग वाढवला तसा ऑक्सिजन वाढत गेला, पण मिनिटाला ४ लिटरच्या आसपास येऊन थांबला. वेग आणखी वाढवता येत होता, ऑक्सिजन मात्र वाढेना. ती जी कमाल मर्यादा तिलाच आता व्हीओ टू मॅक्स म्हणतात. किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर, असा तो आकडा सांगतात. साधारण तरुण चाळीस-पंचेचाळीसच्या घरात, अव्वल लांब पल्ल्याचे धावपटू सत्तरच्या वर.

आता ही मर्यादा कशाची? आपण म्हणू फुप्फुसाची. पण निरोगी माणसात बहुतेक वेळा ती असते हृदयाची. एका मिनिटात हृदय किती रक्त पुढे ढकलू शकतं आणि त्या रक्तात हिमोग्लोबिन किती, यावर सगळं अडतं. म्हणून रोज पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकायला शिकतं, बसून श्वास ओढणाऱ्याचं नाही. आणि म्हणूनच रक्त कमी असलेली मुलगी कितीही जिद्दीची असली तरी ८०० मीटरला मागे पडते. तिला शिट्टीपेक्षा आधी गूळ-शेंगदाणे, पालेभाजी आणि डॉक्टर लागतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी एवढंच सांगितलं, प्राणायाम कर, मन शांत राहील, पण पळण्याच्या वेळात करू नकोस.

१६०० मीटर जीव तोडून पळायला या मुलांना पाच-सहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात शरीर बरोबर त्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतं. म्हणजे भरतीचं मैदान ही एक प्रयोगशाळाच झाली, फक्त पिशवी नाही आणि बाजूला टिपणं घेणारंही कुणी नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना उमेदवार कोसळले, त्यातले काही दगावले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. जूनमधली मुंबईची दमट हवा, त्यात घाम सुकत नाही. अशा वेळी हृदयाला पायांकडेही रक्त पाठवायचं असतं आणि अंग थंड करायला कातडीकडेही. दोन्ही मागण्या एकदम आल्या की पुरवठा तुटतो. ही दमाची कसोटी राहात नाही, वेगळंच काहीतरी होऊन बसतं. गावाकडून रात्रीच्या गाडीने आलेला, धड न झोपलेला, उपाशीपोटी रांगेत उभा राहिलेला मुलगा त्यात किती टिकणार? अंतर कमी झालं ते ठीकच, पण वेळ आणि हवा पाहायला काय हरकत होती, असं मला अजून वाटतं.

आमच्या मुलांना मी एक साधी चाचणी शिकवली. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत किती मीटर पळालात ते मोजायचं, त्यातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ ने भागायचं. झाला अंदाजे व्हीओ टू मॅक्स. २४०० मीटर पळालात तर ४२, २८०० पळालात तर ५१. ना पिशवी, ना यंत्र. शाळेचं मैदान, फक्की आणि घड्याळ पुरे. दर महिन्याला एकदा, सकाळी लवकर. एमआयडीसीकडून वास येत असेल त्या दिवशी नाही. आकडा वहीत लिहून ठेवायचा आणि शेजाऱ्याच्या नव्हे, आपल्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा.

नातवाने पाठवलेलं घड्याळ आता मलाही माझा आकडा दाखवतं. अर्थात ते ऑक्सिजन मोजत नाही, नाडी आणि चालण्याचा वेग पाहून अंदाज बांधतं. आकडा इथे सांगत नाही. पण घाबरायचं कारण नाही, असं सांगणारा एक प्रयोग मला फार आवडतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला वीस वर्षांच्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. त्यांचा दम पाव हिश्शाहून जास्त घटला. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाचजणांना पुन्हा गाठून तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं होतं त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने नेलं होतं! मग त्या पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या गृहस्थांना सहा महिने हळूहळू चालवलं, पळवलं, सायकल मारायला लावली, तर त्यांचा दम जवळपास विसाव्या वर्षी होता तिथवर परत आला.

पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या माझ्या पन्नाशीच्या भाच्यांनी वरचा परिच्छेद दोनदा वाचावा. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना मात्र दाखवून घ्या, आणि मे महिन्यात इकडे आलात तर दुपारी पळायला निघू नका.