धरमतरच्या धक्क्यापासून विमानाच्या दारापर्यंत

मुंबईहून दुबईस विमान सुमारें तीन तासांत पोंचतें. परंतु रोह्याच्या माणसास त्या विमानाच्या दारापर्यंत जाण्यास पुष्कळदां तेवढाच, आणि पावसाळ्यांत त्याहूनहि अधिक, वेळ लागत आला आहे. प्रवासाचा इतिहास सांगतांना आगबोट, आगगाडी व विमान यांचा वृत्तांत विस्तारानें दिला जातो. घरापासून त्या वाहनापर्यंतच्या वाटेची हकीकत मात्र कोणी फारशी सांगत नाहीं. पेण व रोहें या दोन गांवांच्या बाबतींत तीच हकीकत अधिक बोधप्रद आहे.

पेण भोगावतीच्या कांठीं वसलें आहे आणि रोहें कुंडलिकेच्या. दोन्ही नद्यांना समुद्राची भरती पोंचते. पूर्वीं पेणचा माल व माणसें अंतोऱ्याच्या बंदरांतून जात, आणि रोह्याचे मचवे कुंडलिकेच्या खाडीनें रेवदंड्याकडे उतरत. भरतीचें पाणी चढलें म्हणजे मचवे वर येत. ओहोटी लागली म्हणजे चिखलांत रुतून बसत. अशा मुलुखांत प्रवाशाचें घड्याळ म्हणजे पंचांग. आज तिथि कोणती, यावरून पाणी केव्हां भरेल हें ठरे आणि त्यावरून घरांतून केव्हां निघावयाचें हें ठरे. होडी चुकली तर दुसऱ्या भरतीपर्यंत बंदरावर बसून राहण्यावांचून गत्यंतर नसे.

पुढें एकोणिसाव्या शतकांत दोन मोठीं वाहनें पेणच्या आवांक्यांत आलीं. अंबा नदीच्या खाडींत धरमतरपर्यंत मुंबईच्या आगबोटी येऊं लागल्या, आणि १८५६ सालीं आगगाडी घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचली. तेव्हांपासून धरमतरचा धक्का व खोपोलीचें स्टेशन हीं पेणकरांचीं दोन दारें झालीं. परंतु दारापर्यंत जावयाचें कसें? ज्याची ऐपत असे तो सबंध टांगा किंवा दमणी ठरवी. मध्यम स्थितीचा गृहस्थ चौघांच्या भागींत एक बैठक घेई. गरीब माणूस गांठोडें डोक्यावर घेऊन चांदण्यांत चालूं लागे. सबंध गाडी ठरविणाऱ्यास गादी मऊ मिळे असें नव्हे. बैल तेच आणि धुळीचा रस्ताहि तोच. त्याला मिळे ती एकच गोष्ट, ती म्हणजे आपल्या वेळेला निघण्याची मोकळीक. दुसऱ्या प्रवाशांची वाट पाहत त्याला तिष्ठावें लागत नसे.

हा भेद पुढें कायद्यानेंहि ओळखला. १९३९ च्या मोटार वाहनांच्या कायद्यानें भाड्याच्या गाड्यांचे दोन प्रकार केले. एका प्रकारांत प्रत्येक उतारू आपलें वेगळें भाडें देऊन टप्प्याटप्प्यानें चढतो-उतरतो. दुसऱ्यांत सबंध गाडी कराराने ठरविली जाते. १९८८ च्या कायद्यानेंहि हीच विभागणी कायम ठेविली. आज विमानतळावर पोंचविणारी पिवळ्या पाटीची मोटार ही या दुसऱ्या प्रकारांतील, म्हणजे जुन्या सबंध टांग्याचीच वारसदार होय.

जलमार्गावरील विश्वासास मोठा धक्का बसला तो १७ जुलै १९४७ रोजीं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट त्या दिवशीं वादळी समुद्रांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अमावास्येच्या सणासाठीं घरीं परतणारे चाकरमानी तींत पुष्कळ होते. या जिल्ह्यांतील अनेक गांवांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. पुढल्याच वर्षीं, १ जून १९४८ रोजीं, मुंबई राज्याच्या एस्. टी. ची पहिली गाडी पुणें ते अहमदनगर धांवली, आणि हळूहळू कोंकणचा प्रवासी पाण्याकडून रस्त्याकडे वळला.

मात्र रस्ताहि सरळ नव्हता. पेणहून मुंबईस जाणाऱ्या मोटारीस कर्नाळ्याची खिंड ओलांडून पनवेल गांठावें लागे, आणि तेथून मुंब्रा व ठाणें असा मोठा वळसा घ्यावा लागे. १९७३ सालीं वाशीजवळ खाडीवर पूल झाला तेव्हां हा वळसा चुकला. तोंपर्यंत विमान हा पेण-रोह्याच्या सामान्य संसारांतील विषयच नव्हता. जुहूचा विमानतळ १९२८ पासून होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर्. डी. टाटा कराचीहून टपालाचें विमान घेऊन तेथेंच उतरले होते. नंतर सांताक्रूझचा विमानतळ मोठा झाला. पण हें सारें वर्तमानपत्रांत वाचावयाचें.

ही स्थिति पालटली ती आखाती देशांमुळें. १९७० नंतरच्या दशकांत तेथें तेलाचा पैसा वाढला, कामकऱ्यांची मागणी आली, आणि कोंकणांतील तरुण कुवेत, दुबई, मस्कत या नांवांशीं परिचित झाले. रोहें, मुरुड, म्हसळें, श्रीवर्धन या बाजूंचीं कितीएक मुसलमान घरें त्यांत अग्रभागीं होतीं. हिंदु तरुणहि मागें राहिले नाहींत. विमानें बहुधा रात्रीचीं. जाणारा एक आणि पोंचविणारे सात, अशी भाड्याची जीप भरे. टपावर दोरीनें आंवळलेली ट्रंक, मांडीवर लोणच्याची बरणी, आणि मागल्या बांकावर डोळे पुसणारी आई. दोन वर्षांनीं तीच जीप त्याला आणावयास जाई.

पाठोपाठ कारखाने आले. रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक उद्योगांची वसाहत झाली, नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रकल्प उभा राहिला, आणि पेण तालुक्यांत डोलवी येथें पोलादाचा कारखाना निघाला. बाहेरगांवचे इंजिनियर व परदेशचे तज्ज्ञ यांची ने-आण करण्याचें काम स्थानिक मोटारवाल्यांस मिळालें. नांवाची पाटी हातीं धरून विमानतळाच्या दाराशीं उभें राहण्याचा रिवाज ते येथेंच शिकले. तिसरी लाट घरांतल्या वृद्धांची. मुलगा अमेरिकेंत, सून बाळंत होणार, आणि आयुष्यांत कधीं विमान न पाहिलेलें जोडपें एकटें निघालेलें. अशा प्रवासांत सारथी हा केवळ हाक्या राहत नाहीं. सामानाची ढकलगाडी तोच आणतो, कोणत्या दारानें आंत शिरावयाचें तें तोच दाखवितो, आणि ‘आंत पोंचलों’ असा फोन येईपर्यंत तोच बाहेर थांबतो.

आतां या प्रवासाचें गणित पाहावें. पहाटे चारचें विमान असेल तर तीन तास आधीं, म्हणजे एकच्या सुमारास, पोंचावयाचें. रस्ता मोकळा असता तर रोह्याहून रात्रीं दहाला निघून भागलें असतें. पण पळस्पें ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या रुंदीकरणास २०११ सालीं आरंभ झाला आणि तें काम दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळलें. खड्डे, वळविलेले मार्ग, वडखळची कोंडी आणि गणपतीच्या दिवसांतील गर्दी यांमुळें प्रवासी दोन तास पदरचे घालूं लागले. पूर्वीं भरती-ओहोटी निदान पंचांगांत सांपडे. ही नवी ओहोटी कोणत्याहि पंचांगांत सांपडत नाहीं. म्हणून माणूस मोटार ठरवितो, आणि परतीचें भाडें मिळण्याची शाश्वति नसल्यामुळें जाण्या-येण्याचे दोन्ही पैसे मोजतो. तो जें विकत घेतो तें आराम नव्हे, वेळेची हमी होय.

या हमीचा भार मात्र एकाच माणसाच्या डोळ्यांवर पडतो. उतारू आंत गेला कीं त्याची काळजी संपली. सारथ्यास तोच रस्ता पहाटेच्या झोंपेंत पुन्हां कापावयाचा असतो. मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठीं १९६१ सालीं कायदा झाला व दिवसाचे आठ तास सामान्यतः कामाची मर्यादा ठरली. परंतु तो पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यास लागू होता. गांवांतील एका गाडीचा मालक आपणच सारथी असतो. तो या छत्राखालीं येत नसे. रस्ता समुद्राहून निर्भय आहे असेंहि म्हणवत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला, आणि दोन एस्. टी. गाड्यांबरोबर एक मोटारहि काळोखांत नाहींशी झाली.

अलीकडे दारें जवळ आलीं आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उलव्याजवळ नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें व २५ डिसेंबरपासून तेथून विमानें सुटूं लागलीं. तो रायगड जिल्ह्यांतच, पनवेल तालुक्यांत आहे. त्यासाठीं कित्येक गांवकऱ्यांनीं आपलीं घरें व शेतें सोडलीं. पेणहून पनवेल अवघें बत्तीस किलोमीटर. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ सालींच पोंचली आहे आणि पनवेल-रोहें हें अंतर लोहमार्गानें सुमारें ७५ किलोमीटर आहे. रात्री-अपरात्रीं विमानतळापर्यंत जोडून नेणारी सार्वजनिक गाडी मिळाली, तर सबंध मोटार ठरविण्याची ऐपत नसलेल्या माणसासहि वेळेची तीच हमी लाभेल. तोंपर्यंत ज्याच्या गांठीं पैसा त्यालाच खात्री, हा टांग्याच्या काळचा न्याय चालूच राहील.

तोंपर्यंत जुन्या प्रवाशांची एक चाल मोटारीच्या प्रवाशांनीं उचलावी. गाडीवानास आदल्या दिवशीं सांगावा धाडतांना घरचा वडील माणूस आवर्जून विचारी, “बैलांना वैरण आणि विसांवा झाला आहे ना?” मोटारीस वैरण लागत नाहीं. पण ती हांकणारा त्या दिवशीं दुपारीं झोंपला होता कीं नाहीं, एवढें विचारण्यास पैसा पडत नाहीं. आणि विमान पहाटेचें असेल तर त्यास परततांना वाटेंत तासभर गाडी उभी करून डोळा लावण्याची सवड भाड्यांतच धरून द्यावी.