आधी गोळी कुणी झाडली?

१२ जून २०२५. लंडनच्या बीएफआय साउथबँकमध्ये लोक एक सिनेमा बघायला जमले होते. सिनेमा कुठला? तर 'स्टार वॉर्स'. म्हणजे जो आज खिशातल्या फोनवर, लोकलमध्ये उभ्या उभ्या बघता येतो. डीव्हीडी आहे, ब्लू-रे आहे, फोर-केसुद्धा आहे. तरी हे लोक आले, कारण त्या दिवशी प्रोजेक्टरवर चढणारी प्रिंट १९७७ सालची होती. आणि १९७७चा 'स्टार वॉर्स' आज कुठल्याही ॲपवर नाही, दुकानात नव्या डिस्कवरही नाही.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही बघितला तो कुठला? त्याचीच ही गोष्ट.

आधी एक प्रसंग आठवा. एका बकाल ग्रहावरचा दारूचा गुत्ता. हान सोलो टेबलाशी बसलाय आणि समोर त्याला धरून न्यायला आलेला हिरव्या तोंडाचा ग्रीडो, हातात बंदूक. १९७७ साली हान बोलता बोलता टेबलाखालून गोळी झाडायचा आणि ग्रीडो संपायचा. हा माणूस काय चीज आहे, ते प्रेक्षकाला त्या एका गोळीत कळायचं. १९९७ साली ग्रीडो आधी झाडायला लागला, तीही हातभर अंतरावरून नेम चुकवून, आणि हान स्वसंरक्षणार्थ उत्तर द्यायला लागला. २००४च्या डीव्हीडीत दोघं जवळजवळ एकदमच झाडतात. २०१९मध्ये सिनेमा डिस्ने प्लसवर आला, तेव्हा मरायच्या आधी ग्रीडो 'मॅक्लंकी' असं काहीतरी म्हणू लागला. एकच प्रसंग, चार वेळा घडलेला. आणि चौथा आला की तिसरा बाजारातून मागे पडतो.

*

'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत जेमतेम तीस-चाळीस थिएटरांत लागला. त्यातली अंतराळयानं संगणकात तयार झालेली नव्हती. लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नायसमधल्या एका गोदामात जॉर्ज लुकसने पोरांची टोळी जमवली होती. ते प्लास्टिकच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवून यानं बनवत. जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा कॅमेरा उभा केला, की तो एकच हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत करू शके. यान एकदा चित्रित करायचं, तारे दुसऱ्यांदा, स्फोट तिसऱ्यांदा आणि मग सगळं एका फिल्मवर उतरवायचं. या कामाला ऑस्कर मिळालं. संकलनालाही मिळालं, तिघांना मिळून. त्यात लुकसची तेव्हाची पत्नी मार्शा लुकसही होती.

हे सांगायचं कारण पुढे येईल.

'मूळ' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. सुरुवातीला पिवळ्या अक्षरांत सरकत जाणाऱ्या मजकुरावर आपण 'एपिसोड फोर, अ न्यू होप' वाचतो, ते १९७७ साली नव्हतंच. ते १९८१च्या पुनर्प्रदर्शनात आलं. आवाजही एक नव्हता. ७० मिमी प्रिंटचा वेगळा, ३५ मिमी स्टिरिओचा वेगळा आणि मोनोचा त्याहून वेगळा. मोनोमध्ये तर ल्यूकच्या बेरू काकूचा आवाजच दुसऱ्या बाईचा आहे. म्हणजे पहिल्याच वर्षी वेगवेगळ्या थिएटरांतले लोक किंचित वेगवेगळे सिनेमे बघत होते.

पण हे फरक त्या काळाचेच होते. खरी उलथापालथ वीस वर्षांनी झाली.

*

नव्वदीच्या दशकात लुकसच्या लोकांनी निगेटिव्ह बाहेर काढली, तेव्हा ती वाईट अवस्थेत निघाली. धूळ, ओरखडे आणि रंग उडालेले. त्या काळच्या रंगीत फिल्मची ही नेहमीची व्यथा. तिच्यातली रंगद्रव्यं टिकत नाहीत आणि चित्र हळूहळू लालसर-गुलाबी होत जातं. निगेटिव्हमधले काही तुकडे तर अशा जातीच्या फिल्मवर होते, की ते बाकीच्यापेक्षाही लवकर विटले. मग मूळ रंग कसे होते हे ठरवायचं कशावरून? लुकसकडे स्वतःची एक टेक्निकलर प्रिंट होती. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत कापडावर ठसा उमटवावा तसे एकेक रंग फिल्मवर छापत. ते रंग विटत नाहीत. अमेरिकेत ही पद्धत सत्तरीच्या मध्यावर बंद झाली होती, पण लंडनच्या लॅबमध्ये आणखी काही वर्षं चालू राहिली. २०२५ साली साउथबँकला चाललेली प्रिंट त्याच पद्धतीची. अठ्ठेचाळीस वर्षांनीही तिचे रंग जागेवर होते.

निगेटिव्ह साफ झाली, रंग परत आणले गेले. इथवर हे जीर्णोद्धाराचं उत्तम काम होतं. पण मंदिराचा जीर्णोद्धार म्हणून काम काढावं आणि जुना दगड उतरवून संगमरवर बसवावा, तसं पुढे झालं. ३१ जानेवारी १९९७ला 'स्पेशल एडिशन' झळकली. संगणकाने काढलेले प्राणी, पूर्वी गाळलेला जब्बाचा प्रसंग, नवे स्फोट. हे नवे शॉट मूळ निगेटिव्हमध्येच जोडले गेले. त्याआधी १९९५ साली जुन्या आवृत्तीच्या व्हीएचएस कॅसेट आल्या होत्या. मूळ रूपात सिनेमा विकत घ्यायची ही शेवटची संधी, अशी त्यांची जाहिरात होती. लोकांना तो विक्रीचा डाव वाटला. जाहिरात जवळजवळ शब्दशः खरी ठरली.

लुकसची बाजू साधी आहे. १९७७ला पैसा नव्हता, तंत्र नव्हतं, डोक्यातला सिनेमा पडद्यावर उतरला नाही. आता उतरवता येतो. माझा सिनेमा, मी दुरुस्त करतो. पुरा झालेला सिनेमा म्हणजे स्पेशल एडिशन. जुना आपल्या लेखी आता अस्तित्वातच नाही, असंही त्याने २००४च्या सुमारास सांगून टाकलं. यात गैर काय? लेखक सुधारित आवृत्ती काढतातच की.

काढतात. पण लेखकाने सुधारित आवृत्ती काढली, म्हणून वाचनालयातली जुनी प्रत कुणी उचलून नेत नाही. शिवाय पुस्तक एकट्याने लिहिलेलं असतं. सिनेमा तसा नसतो. १९९७ साली जे शॉट बदलले, ते त्या गोदामातल्या पोरांचे होते. ज्या कामाला ऑस्कर मिळालं, त्यातलं काही आता त्या सिनेमात दिसतच नाही.

सगळ्यात बोचरी गोष्ट याच्याही आधीची. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग फासायची टूम निघाली. त्याविरुद्ध १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला जे दिग्दर्शक गेले, त्यांत लुकस होता. नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवायला कलाकृती बदलणारे लोक रानटी आहेत, मूळ कृती पुढच्या पिढ्यांसाठी जपली पाहिजे, असं त्याने तिथे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी चित्रपट जतनाचा कायदा झाला. १९८९ला राष्ट्रीय नोंदवहीसाठी पहिले पंचवीस सिनेमे निवडले गेले. त्यात 'स्टार वॉर्स' होता.

*

चाहते मागत काय होते? नवी आवृत्ती जाळा, असं कुणी म्हणत नव्हतं. जुनीही नीट करून शेजारी ठेवा, एवढंच मागणं होतं. हे अशक्य नाही, हे दुसऱ्या एका सिनेमाने दाखवलं. रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' १९८२ला आला, तेव्हा स्टुडिओने त्यात निवेदन घुसडलं होतं आणि शेवट गोड केला होता. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात चुकून कच्च्या संकलनाची प्रिंट लागली. लोकांना कळलं, की याचं दुसरंही रूप आहे. १९९२ला डिरेक्टर्स कट आला, २००७ला स्कॉटच्या मनासारखा फायनल कट. आणि त्या वर्षीच्या संचात पाचही आवृत्त्या दिल्या गेल्या, स्टुडिओची नावडती धरून. बघा आणि तुम्हीच ठरवा.

'स्टार वॉर्स'च्या वाट्याला असं आलं नाही. २००६ साली मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आली खरी, पण जादा डिस्क म्हणून आणि १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या टेपवरून. रुंद टीव्हीवर लावली, तर चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे पुसट चित्र. चाहत्यांना भीक घातल्यासारखं वाटलं.

मग काही जणांनी स्वतःच हात घातला. चेक प्रजासत्ताकातल्या एका तरुण शिक्षकाने ब्लू-रे, जुन्या डीव्हीडी, फिल्मचे स्कॅन असं मिळेल तिथून गोळा करून एकेक शॉट पूर्ववत करायला घेतला. दुसऱ्या एका गटाने जुन्या ३५ मिमी प्रिंट मिळवून एकेक फ्रेम स्कॅन केली, ओरखडे साफ केले. कायद्याच्या चौकटीत हे बसत नाही. हक्क त्यांचे नाहीत. ते विकताही येत नाही. पण संग्रहालयाने किंवा कंपनीने करायचं काम रात्री जागून कुणी फुकट करत असेल, तर प्रश्न त्याला एकट्याला विचारून चालणार नाही.

*

हे परदेशी लाड आहेत, असं वाटत असेल तर जरा गिरगावात या. ३ मे १९१३ला कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ला फाळक्यांनी तोच विषय पुन्हा चित्रित केला. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं उरली आहेत, ती १९१३ची की १९१७ची, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे आपल्या पहिल्या सिनेमाचे म्हणून जे तुकडे आपण यूट्यूबवर बघतो, ते कदाचित पहिले नसतीलच. फाळक्यांनी काही लपवलं नव्हतं. तेव्हा जपून ठेवायची रीतच नव्हती.

हरवलेलं कधी कधी सापडतंही. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७च्या जानेवारीत बर्लिनला लागला आणि काही महिन्यांत कापला गेला. जवळपास चौथा हिस्सा गेलाच म्हणून लोकांनी आशा सोडली. अर्जेंटिनातल्या एका अभ्यासकाने मात्र एक किस्सा ऐकला होता. ब्युनोस आयर्सच्या फिल्म क्लबमध्ये हा सिनेमा दाखवताना प्रोजेक्टरमध्ये रीळ नीट बसत नव्हतं, म्हणून एक जण दोन तासांहून जास्त वेळ बोटाने दाबून उभा होता. दोन तासांहून जास्त? उपलब्ध आवृत्ती तर एवढी लांब नव्हती! त्या संशयाचा पाठपुरावा व्हायला वीसेक वर्षं गेली. २००८ला तिथल्या सिनेमा संग्रहालयात १६ मिमीची प्रत निघाली आणि सुमारे पंचवीस मिनिटं परत मिळाली. त्या दृश्यांवर पावसासारखे ओरखडे आहेत. २०१०ला ते तसेच दाखवले गेले. कुठे काय हरवलं होतं, ते त्यामुळे बघणाऱ्याला कळतं.

'मेट्रोपोलिस' वाचला, कारण कुठेतरी एका कपाटात एक जास्तीची प्रत पडून होती. आता आपल्याकडे कपाटच नाही. आपण सिनेमा विकत घेत नाही, तो बघायची परवानगी महिन्याच्या बोलीवर घेतो. ग्रीडोच्या तोंडात 'मॅक्लंकी' घालायला कुणाच्या घरातली डिस्क बदलावी लागली नाही. सर्व्हरवरची फाइल बदलली आणि तिथे बघणाऱ्या सगळ्यांसाठी बदलली. उद्या तुमच्या आवडत्या सिनेमातला एखादा संवाद असाच गेला, तर तो होता हे तुम्ही सिद्ध कशावरून कराल?

२०२७मध्ये 'स्टार वॉर्स'ला पन्नास वर्षं होतील. त्यानिमित्त १९७७ची आवृत्ती नव्याने साफ करून थिएटरात आणणार, अशी घोषणा लुकसफिल्मने केली आहे. थिएटरचे दिवस संपले की ती डिस्कवर येते का, याकडे चाहते डोळे लावून बसलेत. तीस वर्षं वाट बघितलेल्यांपैकी काहींचे केस पिकलेत, आणि त्यांच्या मुलांनी ग्रीडोच आधी झाडतो, असाच सिनेमा बघितलाय.