छोट्या रुळांचा सरस

मॉडेल रेल्वेचे रूळ चिकटवण्याची गरज तशी उशिराच निर्माण झाली. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांची खेळण्यातली रेल्वे मांडली, तेव्हा पत्र्याचे रूळ एकमेकांत अडकवायचे आणि खेळ संपला की खोक्यात भरायचे, एवढेच अपेक्षित होते. अमेरिकेत 1930 नंतर हा मोठ्यांचा छंद झाला. 1934 मध्ये मिलवॉकीहून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक सुरू झाले. आता रूळ टेबलावर कायमचे बसू लागले. लाकडी स्लीपर एकेक करून चिकटवायचे, घासून एका पातळीत आणायचे आणि रूळ इवल्या खिळ्यांनी ठोकायचे. खरी पकड खिळ्यांची होती. म्हणून रुळांखालच्या भरावासाठी दाबलेल्या कागदी लगद्याचा होमासोट फळा लोकप्रिय झाला. त्यात खिळा सहज जाई आणि रुतूनही बसे. सुताराचा सरस मात्र गरम करून लावावा लागे आणि दमट हवेत सैल पडे.

हे चित्र पांढऱ्या गोंदाने पालटले. त्यातल्या पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा शोध जर्मनीत 1912 मध्येच लागला होता. अमेरिकेतल्या घराघरांत तो पोहोचवला बोर्डन या दुधाच्या कंपनीने. तिने 1947 मध्ये विक्रीस आणलेल्या गोंदाला 1951 मध्ये ‘एल्मर्स’ हे नाव मिळाले. एल्मर म्हणजे कंपनीच्या जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा! आपल्याकडचे फेविकॉल याच कुळातले. लाकडावर कॉर्कची पट्टी आणि तिच्यावर प्लॅस्टिकच्या स्लीपरचा लवचीक रूळ, या जोडीला हा गोंद चांगला मानवला. कॉर्कची पट्टी मधोमध उभी फाडून दोन अर्धे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना लावतात. त्यामुळे वळणावर ती सहज वळते. रुळांमधल्या खडीवर हाच गोंद पाण्यात पातळ करून, भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून सोडतात. साबणाशिवाय पाणी खडीवर गोळा होऊन राहते, आत मुरत नाही. मात्र वाळल्यावर हा थर कडक होतो. आवाज दाबण्यासाठी घातलेल्या कॉर्कला वळसा घालून गाडीची घरघर मग खडीतून थेट फळ्यापर्यंत जाते. उलट, पाण्याने भिजवला की तो सुटतो, हा त्याचा मोठा गुण. कॉन्टॅक्ट सिमेंटमध्ये तो नाही: दोन्ही पृष्ठभाग टेकताक्षणी पकडतात आणि वाकडे बसलेले वळण वाकडेच राहते.

पुढे लाकडाच्या जागी घरांच्या उष्णतारोधनासाठी बनणारे गुलाबी-निळे पॉलिस्टायरीन फोम आले आणि जुना अनुभव अपुरा ठरला. द्रावकयुक्त सिमेंट फोम विरघळवते. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याला फोममधून वाट मिळत नाही, त्यामुळे तो वाळायला फार वेळ घेतो. उपाय इमारतीच्या कामातूनच मिळाला: फटी बुजवायचा ॲक्रिलिक लेटेक्स सीलंट. पात्याने अगदी पातळ पसरायचा, रूळ ठेवून सरळ करायचा, वाळेपर्यंत टाचण्यांनी धरायचा. तो लवचीक राहतो, आणि खाली पातळ पाते सरकवले तर रूळ अखंड निघतो. जाड थर दिला, तर तो स्लीपरमधून वर येतो. सिलिकॉन सीलंट टाळलेलाच बरा. त्यावर रंग धरत नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांपाशी तर सीलंटसुद्धा हात राखून वापरतात: हलत्या पात्यांखाली तो लावतच नाहीत, आणि पुढे दुरुस्तीसाठी सांधा उचलावा लागेल म्हणून अनेकजण तो नुसत्या खिळ्यांवरच बसवतात.