उभ्या रेघेची कुळकथा

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मिरचीचा हिशेब करणाऱ्याला माहितीचा प्रकार म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. किलोत रुपये मिळवायचे नसतात. किलोला भावाने गुणले की रुपये येतात. माल मोजून झाला पण भाव फुटायचा असला, तर विक्रीच्या पट्टीवरचा भावाचा रकाना कोरा राहतो, आणि त्या कोऱ्या जागेला कोणी शून्य रुपये म्हणत नाही. आता समजा, हीच पट्टी वेबपानावर भरली आणि हिशेब जावास्क्रिप्टकडे सोपवला. रकान्यातून येतो तो मजकूर. काहीच भरले नसेल तर रिकामा मजकूर. त्याला ४० किलोंनी गुणले की उत्तर येते शून्य. तक्रार नाही, इशारा नाही. चाळीस किलो मिरची फुकट गेल्याची नोंद होते.

हा निष्काळजीपणा वाटेल, पण त्यामागे एक परंपरा आहे. १९७७ मध्ये एहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी ऑक ही भाषा रचली ती फायलींतल्या मजकुराच्या ओळी चाळण्यासाठी. एकच रकाना कधी आकडा तर कधी मजकूर मानण्यात तिथे सोय होती. लॅरी वॉल यांच्या पर्लने १९८७ मध्ये ती सोय उचलली, पण बेरजेला एक चिन्ह आणि मजकूर जोडायला दुसरे, एवढी शिस्त पाळली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभ्या केलेल्या जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही कामे अधिकच्या एकाच चिन्हावर आली. म्हणून मजकुरातले २० आणि आकडा ३० मिळून ५० नव्हे, २०३० होतात. पायथन अशा बेरजेला साफ नकार देते. चूक सैलपणात नव्हती. ‘इथे दोन शक्यता आहेत’ हे लिहून ठेवायला जागाच नव्हती, ही खरी उणीव.

ती जागा मिळाली एका उभ्या रेघेने. पीटर नाउर यांनी संपादित केलेल्या १९६० च्या अल्गोल ६० अहवालात भाषेचे व्याकरण मांडताना ‘हे किंवा ते’ या अर्थी ही रेघ आली. अल्गोल ६८ मध्ये अनेक प्रकार एका नावाखाली आणायची सोय झाली, पण ती शब्दाने. जावास्क्रिप्टला प्रकारांची जोड देणाऱ्या टाइपस्क्रिप्टमध्ये रेघ आणि ही कल्पना एकत्र आल्या त्या १.४ आवृत्तीत, २०१५ साली. पायथनने ती लेखनपद्धत ३.१० मध्ये, २०२१ साली घेतली. तरी कोरा रकाना सुटलाच होता, कारण ‘काही नाही’ ही किंमत, म्हणजे नल, प्रत्येक प्रकारात गुपचूप शिरत असे. टोनी होर यांनी १९६५ मध्ये ती सोय केली आणि २००९ मध्ये तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. टाइपस्क्रिप्टने २०१६ च्या २.० आवृत्तीत, मागितल्यास, तिला वेगळे काढले. तेव्हापासून ‘भाव: नंबर | नल’ असे लिहिता येते. जोडीला ‘आणि’चे चिन्हही आहे: दोन्ही प्रकारांचे सगळे रकाने हवेत, एकही गाळायचा नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून होणारा सातबारा हा असाच ‘आणि’ आहे.

कोणी म्हणेल, वीस ओळींच्या स्क्रिप्टला हा सोवळेपणा कशाला? ओळी वीसच असल्या तरी पट्ट्या रोज फाडल्या जातात, आणि शून्याची चूक ओरडत नाही. ती पट्टीत बसून राहते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: टाइपस्क्रिप्टचे प्रकार प्रोग्रॅम चालताना पुसलेले असतात, मग रकान्यातला रिकामा मजकूर अडवणार कोण? रेघ तो अडवत नाही, हे खरेच. आलेला मजकूर तपासून त्याचा आकडा किंवा नल करणे हे लिहिणाऱ्याचेच काम. पण पुढे त्या भावाला वजनाने गुणायला गेले, की ‘आधी नल आहे का ते पाहा’ म्हणून टाइपस्क्रिप्ट अडून बसते. मग दोन वाटा लिहाव्याच लागतात: भाव असेल तर गुणाकार, नसेल तर ‘भाव बाकी’. कागदी पट्टीवरचा कोरा रकाना हेच सांगत होता.